थोमाबाबाचा लांबलेला दोर

प्रवरेच्या काठी चिंचथडी नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती मंडळीवर प्रभूची मोठी कृपा, म्हणून शांतवन महाराजांचे पाय त्या गावाला लागले. महाराज आले ते पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात. खांद्यावर घोंगडी, हातात वीणा आणि काखेत जीर्ण झालेले पवित्र शास्त्र, एवढाच त्यांचा संसार. मंदिराच्या ओसरीवर उतरले आणि तिथेच राहिले. दिवसा आजाऱ्यांच्या घरी जावे, संध्याकाळी कीर्तन करावे, आणि कुणी भाकरी आणून दिली तर आधी अर्धी मोडून देणाऱ्याच्याच हातावर ठेवावी, असा त्यांचा क्रम. गावचा पाटील येवो की झाडूवाला, महाराज आपण होऊन दोन्ही हात जोडून म्हणायचे, "सलाम बाबा!"

मंदिरासमोरच्या पटांगणात थोमाबाबा दोर वळायचा. दोर वळणारा माणूस कसा चालतो, पाहिले आहे का कधी? उलटा! एका टोकाला फिरकी रोवलेली असते. ती थोमाबाबाची बायको मार्थाबाई फिरवायची. आणि हा कमरेला घायपाताच्या वाखाची गुंडाळी बांधून, हाताने वाख जोडत जोडत, पीळ चढेल तसा मागे मागे सरकायचा. सगळा जन्म म्हातारा असा मागे चालला. टाचा फाटल्या, जवळचे अंधुक दिसू लागले, पोटी मूल नाही. पण तोंडात प्रभूचे भजन मात्र अखंड.

मंडळीचे मोठे पंच होते अब्राहामराव कंत्राटदार. मंदिराला मनोरा त्यांनीच बांधून दिला होता आणि त्यात टांगायला पितळेची घंटाही त्यांनीच आणवली होती. माणूस कर्तबगार, खोटे कशाला बोला! पण देवाच्या घरात शिरतानासुद्धा मान काही खाली जायची नाही. रोज सकाळी पटांगणातून जाताना ते थोमाबाबाला हटकून विचारायचे.

"काय थोमा, कुठवर पोचलास?"

"हाये की हितंच, रावसाहेब."

"हितंच राहणार तू! अरे, देवानं जन्म दिला तो पुढं जायला. तुझा सगळा गेला मागं मागं."

बरोबरचे लोक खो खो हसायचे. थोमाबाबाही कसनुसा हसायचा आणि मार्थाबाई फिरकी जोरात फिरवायची.

पण रोज टोचले की कातडेसुद्धा सोलवटते हो! एके दिवशी कीर्तन संपल्यावर म्हातारा महाराजांसमोर येऊन बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला.

"म्हाराज, रावसाहेब म्हनत्यात ते खरं हाये. लोकांनी मनोरे बांधले, शाळा काढल्या. म्या काय केलं? गुरं बांधायचे कासरे वळले. उलटा चालत चालत एक दिस खड्ड्यात जाईन. मंग देव इचारंल, थोमा, तुला कशापायी धाडला व्हता? काय सांगू म्या?"

महाराजांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्या हातांवर वाखाने पडलेल्या चिरा होत्या.

"थोमाबाबा, वळताना तुझं तोंड कुठं असतं?"

"फिरकीकडं, म्हाराज."

"आणि फिरकीच्या मागं काय आहे?"

फिरकीच्या मागे मंदिराचे दार होते आणि दारावर क्रूस.

"मग झालं तर!" महाराज हसून म्हणाले. "पाय कुठं जातात ते त्याच्यावर सोड. तुझं तोंड त्याच्याकडं आहे ना, मग तुझं एक पाऊलही वाया गेलेलं नाही. ऊठ. पुनरुत्थानाच्या रविवारी नवी घंटा वाजायची आहे. तिचा दोर तू वळ."

काय सांगावा म्हाताऱ्याचा आनंद! चांगला लांब वाख निवडला, भिजवला, झोडपला, विंचरला. मनोऱ्याच्या मापाने पटांगणात एक दगड रोवला, तिथवर मागे जायचे आणि थांबायचे, असे ठरवले. आणि दोघे नवराबायको कामाला लागले. फिरकी फिरते आहे, भजन चालले आहे, समोर क्रूस दिसतो आहे. म्हातारा असा रंगला, असा रंगला, की दगड कधी मागे पडला ते त्याला कळलेच नाही! पटांगण संपले, चिंच आली, चिंचेच्या पलीकडची ओढ्याची वाट लागली तरी स्वारी मागेच चाललेली. मार्थाबाई गाण्यात डोळे मिटून फिरकी फिरवत होती, तिलाही पत्ता नाही. शेवटी पाय ओढ्याच्या पाण्यात पडला तेव्हा म्हातारा भानावर आला. तीन पदरी दोराचा पहिला पदर एवढा लांब झाल्यावर त्याला तो तोडवेना. दुसरा आणि तिसराही मग तेवढाच वळावा लागला.

उत्तम शुक्रवारची, प्रभूच्या मरणाची आठवण करणारी, उपासना झाली आणि थोमाबाबाने ते भले थोरले वेटोळे महाराजांच्या पायाशी आणून ठेवले. मंडळी बघतच राहिली. अब्राहामराव तर पोट धरून हसले.

"अरे, हा घंटेला बांधायचाय की आभाळाला? जन्मात एक काम देवाचं मिळालं, त्याचंही माप चुकलं! आणि ऐका, माझ्या घंटेला घायपात शोभायचा नाही. मी नगरहून साखळी मागवली आहे, उद्या संध्याकाळी येईल."

थोमाबाबा वेटोळ्याकडे धावला. "म्हाराज, कापून देतो. आत्ता कापतो."

"कापू नकोस," महाराज म्हणाले. "प्रभूनं वाढवून घेतलाय, तर त्याला लागत असेल. उद्यापर्यंत राहू दे तुझ्याजवळ."

शनिवार उजाडला. मंडळी मंदिर सारवण्यात गुंतली होती. अब्राहामराव मात्र शेतावर गेले. तिथे त्यांच्या नव्या विहिरीचे काम चालले होते, ते सणाला आलेल्या पाहुण्यांना दाखवायचे होते. भर दुपारी ते कडेला उभे राहून हातवारे करून खोली सांगत असतानाच पायाखालची माती सरकली. कडा ढासळला आणि वर गाळ ओढायला लावलेली यारी तिच्या तारेसकट विहिरीत गेली. तिच्यामागोमाग अब्राहामरावही गेले!

पाहुण्यांची बोंबाबोंब ऐकून सारा गाव धावला. प्रभूची दया, अब्राहामराव तळाशी न जाता निम्म्याच्या खाली एका कपारीवर अडकले होते. पाय मोडला होता. वरून मातीचे ढेकूळ सुटत होते आणि ती कपार घडीघडीला झिजत होती. खाली थोड्या पाण्यात यारीचे लोखंड वर तोंड करून पडलेले. कासरे आणले ते पोचेनात. दोन कासरे जोडून सोडले तर गाठ सुटली.

"मला वर काढा रे!" आतून आवाज आला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी पोराचा.

महाराजांनी थोमाबाबाकडे पाहिले.

मी तुम्हाला खरे ते सांगतो. त्या क्षणी म्हाताऱ्याला दोर द्यावासा वाटला नाही. हा दोर त्याच्या जन्माची एकुलती एक कमाई होती. खडकावर घासून तुटला तर उद्याच्या पहाटेआधी दुसरा होणे नाही, पुढच्या सणापर्यंत आपण असू याचा भरवसा नाही. आणि द्यायचा कुणाला? ज्याने कालच चारचौघांत अब्रू काढली त्याला! पण हे सगळे एका श्वासात आले आणि गेले. म्हातारा घराकडे पळत सुटला आणि वेटोळे खांद्यावर घेऊन धापा टाकत आला.

एक वयस्क पंच आडवे झाले. "महाराज, हा देवाला वाहिलेला दोर! विहिरीत कसा सोडायचा?"

महाराजांचा आवाज चढलेला गावाने तेव्हाच ऐकला. "काल आपला प्रभू आपल्यासाठी थडग्यात उतरला, आणि त्याचा दोर विहिरीत उतरायला लाजेल काय? सोडा!"

दोर सोडला. कासरे जिथे संपले होते त्याच्या कितीतरी खाली गेला आणि थेट अब्राहामरावांच्या हाती लागला. त्यांनी तो काखेखालून बांधला. वरच्या तरण्या गड्यांनी हिसके देत ओढायला सुरुवात केली. दोर खडकाच्या धारेवर घासला, एक पदर तुटला. "अरे, थांबा!" म्हणेपर्यंत दुसरा तुटला. आणि त्याच दमात खालची कपारही सुटून धाडकन पाण्यात गेली. आता तो आडदांड माणूस एका पदरावर लोंबकळत होता!

गड्यांनी ओढणे थांबवले. महाराज म्हणाले, "कुणी हिसका देऊ नका. मागं नुसते धरून राहा. थोमाबाबा, तू पुढं हो. तुझ्या चालीनं चाल."

"म्हाराज, माझ्यात बळ कुठलं?"

"बळ तुझं कुणी मागितलंय? तू तोंड तेवढं त्याच्याकडं ठेव."

विहिरीपलीकडे, झाडांच्या वर, मंदिराच्या मनोऱ्यावरचा क्रूस दिसत होता. थोमाबाबाने दोर कमरेला वेढला, क्रुसावर नजर लावली, भजन सुरू केले आणि उलटे पाऊल टाकले. मग दुसरे. हिसका नाही, धक्का नाही, जन्मभर चालला तीच चाल. महाराज गुडघ्यांवर आले, दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले. मार्थाबाईने भजनाची ओळ उचलली, तिच्या मागून बायांनी उचलली, आणि बघता बघता सगळे शिवार गाऊ लागले.

मागे दोर धरून राहिलेले गडी म्हातारे होईस्तोवर सांगत असत, आमच्या हातातला दोर ढिलाच होता हो! थोमाबाबा म्हणत असे, मला वजन लागलेच नाही, माझ्या पाठीमागून कुणीतरी माझे दोन्ही खांदे धरून चालत होते. तो एक पदर धारेवर घासत राहिला, त्याचा एक धागाही उसवला नाही. आधी अब्राहामरावांचा हात दिसला, मग डोके, आणि चार जणांनी धरून त्यांना मातीवर आणले. केवढा जल्लोष झाला म्हणता! गावातली माणसे जातपात विसरून एकमेकांच्या गळ्यात पडली.

अब्राहामराव तसेच फरफटत महाराजांच्या पायांशी गेले. महाराज झटकन मागे सरले.

"मला नको, बाबा. ज्यानं काढलं त्या प्रभूला नमस्कार कर. आणि ज्याच्या हातून काढलं तो तिथं बसलाय बघ."

थोमाबाबा खाली बसून तुटके पदर चाचपत होता. "म्हाराज, दोर खराब झाला," तो पुटपुटला.

"खराब झालेला कापून टाक," महाराज म्हणाले. "आता काप."

रविवारच्या पहाटे, प्रभू थडग्यातून उठल्याचा सण साजरा करायला, सारी मंडळी मनोऱ्याखाली जमली. नगरची साखळी आली होती, पण अब्राहामरावांनी ती गाडीतून उतरूच दिली नाही. घासलेला भाग कापून उरलेला दोर घंटेला बांधला आणि खाली सोडला. तो बरोबर उभ्या माणसाच्या हाताशी आला! ना वीतभर कमी, ना वीतभर जास्त. मंडळीच्या अंगावर काटा आला.

घंटा पहिल्यांदा वाजवण्याचा मान देणगीदाराचा होता. अब्राहामराव दोघांच्या आधाराने पुढे आले. दोर हातात घेतला, क्षणभर डोळ्यांना लावला आणि थोमाबाबाच्या हातात दिला.

"थोमाबाबा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बाबा' हा शब्द गावाने प्रथमच ऐकला. "रोज तुला विचारायचो, कुठवर पोचलास. तू माझ्यापर्यंत पोचलास रे! नाहीतर मी कुठं होतो आज?"

आणि मोडका पाय लांब करून, पाहुण्यारावळ्यांच्या देखत, त्या गर्विष्ठ माणसाने म्हाताऱ्याच्या फाटक्या टाचांवर डोके ठेवले. थोमाबाबा "आवं, रावसाहेब, उठा की" म्हणत गोंधळून एक पाऊल मागे सरला. हातात दोर होताच. तो ताणला गेला आणि वर मनोऱ्यात घंटा वाजली.

"प्रभू उठला आहे!" महाराज गरजले.

"खरोखर उठला आहे!" चिंचथडीने उत्तर दिले.