उधारीची अत्तरदाणी

एका राज्यात दोन न्यायासने होती. एक राजाच्या दरबारात, दुसरे मशिदीलगतच्या चिंचेखाली, काझीचे. प्रजेने मन मानेल तिथे जावे. बहुतेकांचे मन सोपा निवाडा मिळेल तिथेच मानायचे, ते सोडा.

त्या राज्यातल्या याकूब अत्ताराने एका जादूगाराकडून चांदीची अत्तरदाणी उधारीवर घेतली. उधारीचा भाव रोखीहून चढाच असतो. जादूगार म्हणाला, "हिच्या सौद्यात जो विश्वास मोडील, त्याचे घर दगड होईल." याकूबने मान डोलावली. मान डोलवायला काय जाते?

पुढे हलीमा नावाची म्हातारी ती अत्तरदाणी घ्यायला दुकानात आली. "भाई, मला घासाघीस जमत नाही. तुला जेवढ्याला पडली, त्यावर रास्त नफा घे." याकूबने खरेदीचा भाव सांगितला. खराच सांगितला. उधारीचे मात्र गिळले, आणि अत्तरदाणी विकली.

सकाळी त्याची लेक सकीना उठेना. तिची पावले दगडाची झाली होती.

तो दरबारात धावला.

"भाव खरा सांगितलास?" न्यायाधीशांनी विचारले.

"होय, सरकार."

"उधारीचे तिने विचारले?"

"नाही."

"मग सौदा पक्का. तू निर्दोष आहेस."

हायसे वाटून तो घरी आला. दगड लेकीच्या गुडघ्यांवर चढला होता.

मग मात्र त्याने चिंच गाठली. काझी म्हणाले, "तिने घासाघीस केली नाही, कारण तुझा शब्द हाच तिचा तराजू होता. तू त्यातच पासंग ठेवलास."

फांदीवरची साळुंकी बोलली, "तीन सौदे कर. एक नफ्यात, एक खरेदीच्या भावात, एक तोट्यात. काही झाकू नकोस. तिसरा सौदा त्याच अत्तरदाणीचा. दिवस बुडायच्या आत."

याकूबने शाल नफ्यात विकायला काढली आणि कसर लागून पडलेले भोक आपणच दाखवले. गिऱ्हाइके उठून जाऊ लागली, ऊन कलू लागले. अखेर एकाने घेतली. तांब्याचा हंडा त्याने खरेदीच्या भावात दिला, कल्हईखालचा डागही दाखवला. घरी डोकावला, तर दगड सकीनाच्या छातीशी येऊन ठेपलेला.

तो हलीमाच्या दारी गेला. "आपा, ती अत्तरदाणी मी उधारीवर घेतली होती. रोखीत ती स्वस्त पडली असती. हिच्यावर शापही आहे. माझी लेक दगड होते आहे."

"माझ्याशी खोटे बोललास?"

"खोटे नाही, आपा. अर्धे खरे."

"मग ठेवायची की परत करायची, ही मर्जी माझी?"

"तुमचीच."

"परत घे."

सूर्य माडांना टेकला होता. तरी त्याने सगळे पैसे मुकाट्याने तिच्या पदरात घातले आणि अत्तरदाणी उचलली.

"जुना सौदा मोडला," हलीमा पदराला गाठ मारत म्हणाली. "आता नवा कर. कितीला देतोस?"

याकूबला रडू आवरेना. "रोखीच्या भावाहून कमी, आपा. माझ्या तोट्यात."

"दे. लवकर घरी जा."

उंबऱ्यातच हाक आली, "अब्बा, पायांना मुंग्या आल्यात!"

जादूगाराची उधारी याकूबने फेडली. राजाने हे ऐकले आणि दरबारातही, विश्वासावर झालेल्या सौद्यात, गिऱ्हाइकाने न विचारलेलेही विकणाऱ्याला विचारण्याचा रिवाज पडला. त्या बाजारात भावाआधी आजही सांगतात, रोखीचा की उधारीचा. अत्ताराचे संकट टळले, तसे ऐकणाऱ्यांचेही टळो.

सकीना दुकानाच्या फळीवर पाय हलवत बसते. ते हलताना पाहिल्याशिवाय याकूब कुणाला भाव सांगत नाही.