शेवूच्या डब्यातली खिरापत

ही गोष्ट मी आज सांगायची नव्हती. आईने सकाळीच बजावलं आहे, "संध्याकाळपर्यंत तोंड बंद. आणि ती गोष्ट तर मुळीच नाही." पण आईने सांगायचं नाही म्हटलं, लिहायचं नाही असं काही म्हटलेलं नाही. म्हणून मी हळूच लिहिते आहे. आज आमच्याकडे भोंडला आहे, आणि या गोष्टीचा आमच्या आजच्या खिरापतीशी काहीही संबंध नाही. हसू नका, छोट्यांनो. खरंच नाही.

तर, केवडेवाडी नावाच्या एका चिमुकल्या वाडीत शेवू नावाची मुलगी राहत असे. वाडीच्या मागे रान होतं. अश्विन लागला की ते रान सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांनी असं भरून जाई, की वाटावं कुणाच्या हातून हळदीचं पोतंच सांडलंय. शेवूची झोपडी त्या रानाच्या अगदी काठावर. घरात दोघीच, शेवू आणि तिची आई. आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. दिवसभर बांधायची, आणि तरी रात्री भाकरीबरोबर कधी भाजी असे, कधी नुसतं मीठ.

शेवूला एकच परकर होता, आईच्या जुन्या लुगड्याचा. त्याला इतकी ठिगळं होती की मूळचा रंग कोणता ते आईलाही आठवत नसे. शेवू रानातल्या फुलांकडे बघायची आणि मनात म्हणायची, "अशा पिवळ्या रंगाचा एक परकर मला असता तर!" पण ती हे मनातच म्हणायची. आईला कधीच नाही.

अश्विनात त्या वाडीत रोज एका घरी भोंडला होई. अंगणात पाटावर हत्ती काढायचा, मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फिरायचं, गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरची खिरापत खायची. खिरापत म्हणजे खाऊच, पण तो झाकलेल्या डब्यात येतो. मुलींनी डबा हलवायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर "हरलो" म्हणायचं. मगच झाकण उघडतं.

भोंडला सगळ्यांच्या घरी होई, फक्त शेवूच्या घरी होत नसे. पण त्या वर्षी एका संध्याकाळी शेवूची आई शेजारच्या अंगणात गाणी ऐकत उभी होती. ऐकता ऐकता तिला इतका आनंद झाला, की तिच्या तोंडून निघून गेलं, "पोरींनो, उद्या आमच्याकडे या गं!"

मग वच्छी पुढे आली. वच्छी म्हणजे वाडीतली सगळ्यात चुरचुरीत मुलगी. डब्याला कान लावला की खिरापत पहिल्यांदा तीच ओळखायची.

"मावशी, खिरापत काय करणार? केरसुणीचे लाडू?"

मुली खदखदा हसल्या. आईसुद्धा हसली. पण घरी येताना तिचा चेहरा उतरला होता. झोपताना फक्त म्हणाली, "शेवू, बोलावून तर बसले. आता आपल्या अंगणातून एकही पोर रिकाम्या हाताने जाता कामा नये बघ."

सकाळी दोघींनी डबे उघडून पाहिले. गुळाच्या डब्यात गूळ नव्हता, मुंग्यासुद्धा नव्हत्या. तेलाचं बुधलं उपडं करून झटकलं तर एक थेंब पडला. मीठ होतं, चिमूटभर हळद होती आणि थोडं तिखट होतं.

"मी परसात बघून येते काही मिळतंय का," शेवू म्हणाली.

परसात उकिरड्यावर भोपळ्याचा एक वेल आपला आपणच उगवला होता. त्याला फुलं खूप होती, पण भोपळा एकच धरला होता, चांगला गोल गरगरीत. तो पिकून कितीतरी दिवस झाले होते, पण तसाच पडून होता. कारण अख्ख्या भोपळ्याला पहिला घाव बायकांनी घालायचा नाही, अशी वाडीची रीत, आणि या घरात तर दोघी बायकाच.

ऊन चढायला लागलं होतं. ऊन चढलं की भोपळ्याची फुलं मिटतात, हे तुम्ही पाहिलं असेल. शेवू वेलाजवळ वाकली तेव्हा एका मिटलेल्या फुलातून इवलासा आवाज आला.

"आक्छी!"

फूल हललं. पुन्हा, "आक्छी! अगं बाई, कुणी आहे का बाहेर?"

शेवूने फूल तोडलं नाही. नाजूक पाकळ्या तिने एकेक करून हलकेच उलगडल्या. आतून एक पिटुकली परी धपकन पानावर पडली. नखाएवढी असेल. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत होते, त्यांवर हिरव्या-निळ्या चमचमत्या रेघा होत्या, आणि ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या परागात माखली होती.

"मेले मी लोळत बसले आतच," परी पंख झटकत म्हणाली. "इतकं मऊ असतं गं! आणि मग दार बंद. माझं नाव परागी. तू फूल तोडलं नाहीस, फाडलं नाहीस. आता तुला काहीतरी द्यायला हवं."

"नको," शेवू लाजून म्हणाली.

"नको कसं? आम्हाला नियम असतात." परी उडून भोपळ्यावर जाऊन बसली. "या भोपळ्यात एक इच्छेची बी आहे. ती मातीत पेरायची आणि पेरताना इच्छा तोंडाने म्हणायची. उद्या फुलं उमलायच्या आत पेरली तर इच्छा पुरी होते."

"कोणती बी?"

"तीच तर गंमत. मलाही ओळखता येत नाही. सगळ्या सारख्याच दिसतात. आणि ऐक, कुणी आपण होऊन ओळखेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आणि एकदा भाजलेली बी उगवत नाही, हे तर तुला ठाऊकच आहे."

तिने भोपळ्याला पंखाचं टोक लावलं मात्र, आणि भोपळा फुलासारखा उमलला! आतला गर केशरी, लखलखीत. त्यात पांढऱ्याशुभ्र बिया दाटीवाटीने बसलेल्या. शेवूने वर पाहिलं तर परी नव्हती. पानावर थोडे पराग चमकत होते.

आईने उमललेला भोपळा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "कुणी गं कापला?"

"आपोआप उलला," शेवू म्हणाली. ते खोटंही नव्हतं.

"गूळ असता तर घारगे केले असते," आई म्हणाली. मग तिने बिया बोटांनी चाचपल्या. "पण मीठ आहे की आपल्याकडे. शेवू, आपण बिया भाजू!"

सगळ्या बिया पेराव्यात तर खिरापत नाही. सगळ्या भाजाव्यात तर पिवळा परकर नाही. तिने खूप विचार केला आणि अर्ध्या बिया हळूच फडक्यात बांधून फडताळात ठेवल्या. त्या लगेच पेरता येईनात, कारण इच्छा तोंडाने म्हणायची होती आणि आई शेजारीच होती.

उरलेल्या बिया त्यांनी पाण्यात चोळून धुतल्या. त्या अशा बुळबुळीत, की मुठीतून माशासारख्या सुटायच्या! मग मिठाच्या पाण्यात बुडवून सुपात पसरल्या. अश्विनातलं ऊन कडक. दुपार कलेपर्यंत बिया खडखडीत वाळल्या. आईने चुलीत दोनच काटक्या ठेवल्या.

"जाळ मोठा केला की वरून करपतात, आतून कच्च्या राहतात," ती म्हणाली. "हलवत राहायचं. आणि बघत बसायचं नाही, ऐकायचं."

शेवूने ऐकलं. आधी बिया नुसत्या सरसर सरकत होत्या. मग तडतड सुरू झाली. मग एक बी टप्पकन उडून तव्याबाहेर पडली, आणि खमंग वास झोपडीभर पसरला. सोनेरी झालेल्या बियांवर आईने हळद, तिखट भुरभुरवलं आणि डब्यात भरून झाकण लावलं.

संध्याकाळी केवढ्या मुली आल्या! केरसुणीचे लाडू कसे असतात ते बघायला कधी न येणाऱ्याही आल्या, कडेवर धाकटी भावंडं घेऊन आल्या. फेर धरला, गाणी झाली. आई दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, पण तिचं लक्ष सगळं डब्याकडे.

वच्छीने डबा कानाशी हलवला. *छुळछुळ छुळछुळ.*

"फुटाणे!"

"नाही."

"शेंगदाणे! खारे!"

"नाही गं."

"चिवडा? चिंचोके? मावशी, खडे तर नाही ना भरले?"

"खडे तुझ्या घरच्या तांदळात!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. वच्छीने डबा पुन्हा हलवला, नाक लावलं, डोळे मिटले. शेवटी पाय आपटून म्हणाली, "हरलो!"

असं पूर्वी कधीच झालं नव्हतं.

झाकण उघडलं. "भोपळ्याच्या बिया? या तर आम्ही टाकून देतो!" "अगं, गिळू नकोस, पोटात वेल उगवेल!" "मग नाकातून फूल येईल!" असा गलका झाला, आणि मग एकदम शांतता. सगळ्यांच्या तोंडात नुसतं कुर्रकुर्र, कुर्रकुर्र.

डबा भर्रकन रिकामा झाला. आणि कडेवरची, पायाशी घुटमळणारी इवली इवली पोरं अजून हात पसरून उभी होती. आईने डब्यात पाहिलं. मग शेवूकडे पाहिलं. आईचा चेहरा आदल्या रात्रीसारखा झाला.

शेवू आत गेली. तिने फडताळातलं फडकं सोडलं, क्षणभर डोळे मिटले, आणि बिया तव्यावर ओतल्या. त्या तडतडू लागल्या तशी ती मनात म्हणत होती, "ही होती का इच्छेची? की ही? की आत्ता उडाली ती?" परकराच्या पिवळ्या रंगाचा एकेक कण जणू तव्यावर उडत होता. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं, असं तिने स्वतःला सांगितलं.

फडक्याच्या गाठीत एकच बी अडकून राहिली होती. ती तिने मुठीत धरली.

बियांना तिखट-मीठ लावून ती डबा बाहेर घेऊन आली, तोच वच्छीने तो तिच्या हातातून घेतला आणि आपण होऊन वाटायला लागली. "ए, आधी धाकट्यांना! तू मागे हो, तुझं दोनदा झालंय!" सगळ्यांना मिळालं. डब्यात उरलं फक्त तिखट-मीठ.

"वच्छे, तू खाल्लंस?" शेवूने विचारलं.

"मला काय करायचंय? आमच्याकडे लाडू असतात," वच्छी म्हणाली. पण तिचं बोट डब्याच्या तळाशी फिरत होतं, आणि मग ते हळूच तोंडात गेलं.

एकही पोर रिकाम्या हाताने जाता कामा नये. शेवूने मूठ उघडली. "ही घे. कच्ची आहे, पण आहे."

वच्छीने बी घेतली. कानाशी नेऊन हलवली, तेव्हा दोघींनाही हसू आलं. मग तिने शेवूकडे निरखून पाहिलं.

"ओळखलं!" ती म्हणाली. "ही तू पेरायला ठेवली होतीस. मग मला कशाला देतेस, येडे?"

आणि शेवू काही बोलायच्या आत वच्छीने कुडाच्या कडेला बोटाने खळगा केला, बी आत टाकली, माती दाबली आणि म्हणाली, "उगव गं बाई! पुढच्या वर्षी येईल त्याला मूठ मूठ मिळू दे. आणि मला दोन मुठी!"

इच्छा म्हणून झाली होती! पिवळ्या परकराची नव्हे, भलतीच! पण वच्छी मातीचा हात परकराला पुसत अशी खुशीत हसत होती, आणि आई दारातून अशी डोळे भरून बघत होती, की शेवूलाही हसू फुटलं. हसत हसत ती मातीवर पाणी शिंपडायला गेली.

पहाटे शेवू बाहेर आली आणि जागीच थबकली. कुडावरून वेल छपरावर चढला होता. हिरवीगार पानं, दवाचे मोती, आणि जिथे तिथे सोनेरी फुलं उमलत होती, टप टप टप, दिवे लागावेत तशी. पानांआड बाळभोपळे डोकावत होते. सगळ्यात मोठ्या फुलात परागी बसली होती.

"म्हणजे तीच इच्छेची होती?" शेवूने विचारलं. "नेमकी शेवटची?"

"मला कुठे ओळखता येतं?" परागी म्हणाली. "पण माझी आजी म्हणायची, शेवटची असूनही जी देऊन टाकतात ना, ती बघावी. आता हा वेल दरवर्षी येईल. तुझ्या आईचा डबा कधी रिकामा व्हायचा नाही."

"पण मी तर काहीच मागितलं नाही."

"मागायला कशाला हवं? ओळखता येतं की!" परागीने शेवूच्या ठिगळांकडे पाहून डोळा मिचकावला. "झेंडूचा नव्हे, हळदीचा नव्हे, सोनकीचा पिवळा. बरोबर?"

तिने पंख झटकले. परागांचा एक झगमगता पाऊस शेवूवर पडला. जिथे एक कण पडे तिथलं ठिगळ उजळून जाई. बघता बघता साऱ्या परकरावर रानातला पिवळा रंग पसरला, खाली सोनेरी काठ चमकला. त्याच वेळी सूर्याचा पहिला किरण फुलात उतरला. फूल दिव्यासारखं पेटलं, परागी हसली, आणि त्या उजेडातच उजेड होऊन गेली.

त्या दिवसापासून केवडेवाडीत कुणी भोपळ्याच्या बिया टाकत नाही. भाजायच्या आधी मात्र एक बी बाजूला काढून पेरतात, आणि पेरताना मोठ्याने काहीतरी चांगलं म्हणतात, न जाणो तीच असली तर. आम्हीही म्हणतो. मी काय म्हटलं ते विचारू नका. आणि आमच्या आजच्या खिरापतीचंही विचारू नका, तुम्हाला ओळखता यायची नाही. डबा हलवला की आतून असा काही आवाज येतो, की ऐकणाऱ्याला वाटतं, आत नक्कीच

"कस्तुरे! कुठे लिहीत बसलीयस? धाव, तव्यावरच्या बिया करपतायत!"