पिकल्या दाढीची शपथ

एका राजधानीत एक मोठी पाठशाळा होती. दूरच्या बेटावरचा नागू नावाचा तरुण तिथे शिकायला आला. पाठशाळेची भाषा त्याला नवी होती. तिथल्या जुन्या पंडितांचे ग्रंथ वाचताना तो थक्क होऊन जाई. माणसं इतकं सुंदर लिहू तरी कशी शकतात, असं त्याला वाटे. स्वतः काही बोलायला जावं तर जीभ अडखळे आणि वर्ग हसे. मग त्याने बोलणंच सोडलं.

परीक्षेत आचार्यांनी 'समुद्र' हा विषय दिला. नागूने एका वृद्ध पंडितांच्या ग्रंथातलं पाठ केलेलं अख्खं पान उतरवून काढलं. त्या भरात 'माझ्या पिकल्या दाढीची शपथ' ही ओळही उतरली. नागूला तर अजून मिसरूडही फुटलं नव्हतं.

आचार्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि वर्गात हशा पिकला. दुसऱ्याचं लिखाण चोरणाऱ्याला पाठशाळेतून काढून टाकायचं, असा नियम होता. बेटावरच्या लोकांनी मोठ्या आशेने नागूला धाडलं होतं. आता कोणत्या तोंडाने परत जायचं?

असं का केलंस, म्हणून आचार्यांनी विचारलं, तेव्हा त्याने अडखळत सांगितलं, की आमच्याकडे थोरांचे शब्द जसेच्या तसे म्हणतात; त्यात आपला शब्द घालणं म्हणजे नैवेद्य उष्टा करणं. मग मान खाली घालून तो म्हणाला, की मला भीतीही वाटली.

"त्या पंडितांनी समुद्र पाहिला नव्हता," आचार्य म्हणाले. "मीही नाही. तू पाहिलास. मोडकं बोल, पण तुझं बोल."

"रोज पाणी येते," नागू म्हणाला. "मग घराची वाट नाही. आई म्हणते, समुद्र आली, वाट झोपली. सगळे थांबतात. समुद्र गेली, की वाट उठते."

'समुद्र आली' ऐकून पोरं पुन्हा हसली. आचार्यांच्या अंगावर मात्र काटा आला. ते बेट, ती बुडालेली वाट, काठावर थांबलेली माणसं, सारं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. जन्मभर ग्रंथ वाचून त्यांना समुद्र कधी असा दिसला नव्हता.

वर्षभर याला नुसतं पाठांतर करायला लावलं, ही चूक माझीही आहे, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. मग नागूकडून त्या पानाखाली पंडितांचं नाव लिहवून घेतलं आणि त्याला नवा निबंध लिहायला बसवलं.

"'आला' लिहू की 'आली'?" नागूने विचारलं.

"आपल्या भाषेत 'आला'. पण ते वाक्य आईचं आहे ना? मग ते तसंच ठेव, आणि खाली तिचं नाव लिही."

नागूने लिहिलं. पाठशाळेच्या कागदावर पंडितांच्या शेजारी एका नावाडणीचं, नागूच्या आईचं, नाव आलं, आणि या वेळी कुणीही हसलं नाही.

तात्पर्य: उसन्या शब्दांवर मूळ धन्याचं नाव असावं, आणि परक्या भाषेत घाबरलेल्याला चोर म्हणण्याआधी त्याचं मोडकंतोडकं ऐकून घ्यावं.