रिकाम्या ट्रॉलीचं वजन

रिकामी ट्रॉली अशी चाकांवर दबलेली का दिसत होती?

अश्लेषा माठातलं पाणी पिऊन परत आली, तेव्हा तिला पहिल्यांदा खुपलं ते हेच. मघाशी तर चाकं टम्म होती.

“बाबा, हवा गेली का हो हिची?”

तिनं आजूबाजूला पाहिलं.

ट्रॉलीच्या बंद दाराशी दस्तगीरबाबांच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या. बाबा मात्र कुठंच नाहीत.

ती दचकली. तशी ती कुकरच्या शिट्टीलाही दचकायची. मग तिनं स्वतःची समजूत घातली... ऊन कललंय, नमाजाची वेळ झाली असेल. मशीद काय, रस्ता ओलांडला की आलीच. पण अनवाणी?

गडहिंग्लजच्या वेशीबाहेर बाबांची शेड होती. जन्मभर त्यांनी उसाच्या ट्रॉल्या केल्या. म्हातारपणी हौस आली, म्हणून मोटारसायकलीमागं जोडायच्या, आत झोपता येईल अशा दोन केल्या. एक दोघांच्या पलंगाची. दुसरी इवलीशी, एका माणसापुरती.

अश्लेषाला आंबोली उतरून वेंगुर्ल्याच्या समुद्रापर्यंत जायचं होतं. एकटीनं. दोन वर्षं ती हे कॉलेजच्या ग्रंथालयात, आपल्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती. उद्यापासून रजा. आज ट्रॉली ठरली नाही, तर ही रजाही मागच्या दोन रजांसारखी घरात पंख्याखाली जाणार होती.

आजची चौथी खेप. बाबांनी चपला काढून मोठ्या ट्रॉलीत शिरून पलंग दाखवला होता. तिलाही सँडल काढायला लावले होते.

“गाडी आपल्या धन्याकडं जाईस्तोवर तिच्यात चपला घालून चढायचं न्हाई. आपल्यात तसंच हाय.”

“बरं... पण कुठली घेऊ, बाबा?”

“आत झोपणार कोण?”

“मीच.”

“मग दोघांची कशाला?”

“समजा, रात्री भीती वाटली... आणि कुणी सोबतीला आलं...”

“कोण येणार हाय?”

“कुणीच नाही.”

“त्यो कुणीच लई जागा खातोय की गं.”

तिनं वही उघडली. एकेचाळीस प्रश्न लिहून आणले होते. पंक्चर झाली तर, माकडं आली तर, घाटात धुकं पडलं तर...

बाबांनी वही घेतली, मिटली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. मग वर बसून पाहिलं. स्टूल हललं नाही.

“अहो, वाचा तरी!”

“आली की कामाला.” बाबा उठले. “मोठी जोडून देतो. समोरच्या माळावर एक चक्कर मार. आधी पाणी पी जा. तोंड बघ कसं सुकलंय.”

ती पाणी प्यायला गेली, आणि आली तो हा प्रकार. चाकं दबलेली आणि बाबा गायब.

परत जावं का घरी?

...वही तर स्टुलाखाली होती.

मोठी ट्रॉली तिच्या मोटारसायकलीला जोडलेलीच होती. तिनं किक मारली.

माळ मोकळा होता. पहिल्या वळणावर ट्रॉली एका अंगाला रेलली. अश्लेषानं हँडल घट्ट धरलं. हळू, हळू... वळली.

दुसऱ्या वळणावर डावं चाक चरात गेलं.

“बाबा!”

ती इंजिन बंद करून उतरली, चाकाशी आली.

“बाबा, अहो, चाक अडकलंय!”

ट्रॉलीतून ‘खों’ असा बारीक आवाज आला.

ती दोन हात मागं उडाली. आसाला तडा गेला असणार! ती वाकून, कान लावून बसली. पुन्हा ‘खों’. नाही, हा लोखंड तुटल्याचा आवाज नव्हे. जोड कोरडा पडलाय. तिनं डिकीतून ग्रीसची डबी काढली आणि मोटारसायकल व ट्रॉलीच्या मधल्या जोडाला बोटानं ग्रीस फासलं. भरपूर फासलं. थोडं गालालाही लागलं.

आवाज थांबला.

“बघ, जमलं की!” ती स्वतःलाच म्हणाली, आणि त्या आवाजानं मात्र दचकली नाही.

मग तिनं दोन चपटे दगड शोधले. चाकापुढं सारले. पहिला गियर, क्लच अगदी बेतानं. गाडी गुरगुरली, दगड कुरकुरले... ट्रॉली धाडकन बाहेर आली. आत काहीतरी घरंगळलं. पलंगावरची गादी असेल, तिनं ठरवलं.

तिनं आणखी दोन चकरा मारल्या. बाबांनी एकच सांगितली होती. तिसरीला तर तिनं चराच्या काठाकाठानं, मुद्दामच, वळण घेतलं आणि गाणं म्हटलं. बेसूर, पण मोठ्यानं.

शेडपाशी येऊन तिनं इंजिन बंद केलं. हसू आवरत नव्हतं.

बाबांच्या चपला जिथं काढल्या होत्या, तिथंच होत्या.

मशिदीच्या दिशेनं तोंड करून तिनं हाक मारली. “बाबाऽ! अडकले होते मी, आणि काढली! कुणी नव्हतं, तरी काढली!”

“ऐकताय का? आता तरी सांगा, कुठली नेऊ?”

तिच्या पाठीमागं कडी वाजली.

ती किंचाळली.

ट्रॉलीचं दार उघडलं. आधी एक अनवाणी पाय आला. मग उशी. मग टोपी वाकडी झालेले, कंबर धरलेले दस्तगीरबाबा.

त्यांनी तिच्या गालावरचं ग्रीस पाहिलं. जोडावर थापलेलं ग्रीस पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदा नीट खोकले. ‘खों.’

“तुम्ही आत होता? सगळा वेळ?” अश्लेषानं वाकून ट्रॉलीत पाहिलं. “मी हाका मारत होते... मग कुठली नेऊ, ते तरी सांगा!”

बाबा पायानं चपला चाचपत म्हणाले, “जिच्यात मी मावणार न्हाई, ती.”