गडग्याच्या आतला मांड

“अर्ज की बंदूक? एवढंच सांगा, बुवा. एका शब्दात सांगा.”

भार्गवबुवा गंध उगाळत होते. सहाणेवरचे खोड थांबले नाही.

रघुवीर देसाई मठाच्या पायरीवर उभा होता. खाडीपलीकडून, फिरंग्यांच्या अमलातून, तो होडीने आला होता. लहानपणी बुवांनीच त्याचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेतली होती. हा उंबरा त्याला परका नव्हता. तरी आज त्याला बसवेना.

“बस.”

“बसायला वेळ नाही. माणसं होडीपाशी खोळंबली आहेत. तरणी पोरं म्हणतात, येत्या अमावास्येला फिरंग्यांच्या नाक्यावर चालून जायचं. बंदुका आल्या आहेत. म्हातारे म्हणतात, साहेबाकडे आणखी एकदा शिष्टमंडळ न्यायचं. मी ज्या बाजूला जाईन, त्या बाजूला गाव जाईल. आणि मी तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.”

“शब्द माझा, आणि मरायचं त्यांनी...”

सहाणेवरचे खोड फिरत राहिले.

“मागच्या वेळी शिष्टमंडळ नेलंस. काय झालं?”

नेमका हाच प्रश्न त्याला नको होता.

“साहेब उठून सामोरा आला. खुर्च्या दिल्या. कॉफी मागवली.”

“मग?”

“म्हणाला, तुम्ही भली माणसं आहात, तुमच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण आमचे पूर्वज इथं शतकानुशतकं राहिले. ज्याला इतका काळ लोटला, त्याला कब्जा म्हणत नाहीत.”

“तू काय म्हणालास?”

“मी... कॉफी प्यालो.”

बाहेर पडल्यावर पोरांनी त्याला गाठले होते. “काय दादा, साखर बरोबर होती ना?” त्यातला एकही हसला नव्हता. ते आठवले की अजून त्याचे कान तापत.

“टाकून उठता आलं असतं.”

“आलं असतं. पण हात धजला नाही, बुवा. इतक्या अदबीनं त्यानं कप पुढं केला...”

“म्हणून आता बंदूक.”

“म्हणून बंदूक. विनवणीची भाषा त्याला कळत नाही.”

बुवांनी सहाणेवर पाण्याचे दोन थेंब सोडले.

“तुमच्या पोफळीच्या बागेत एक मांड आहे.”

मांड म्हणजे गावडेवाडीच्या देवाची मोकळी जागा. शिगम्याचा पहिला ढोल तिथेच वाजायचा, ही रीत देसायांच्या घराहून जुनी. रघुवीरच्या आजोबांनी बाग वाढवली, भोवती चिऱ्यांचा गडगा घातला, आणि मांड आत गेला. तेव्हापासून दर शिगम्याला वाडी मुका ढोल खांद्याला लावून गडग्याशी येते, भाटकाराकडे, म्हणजे बागेच्या मालकाकडे, वाट मागते, बाहेरच नारळ ठेवते आणि माघारी जाते.

“आहे,” रघुवीर म्हणाला. “त्याचा इथं काय संबंध?”

“वाट कोण मागतं?”

“बुधो गावडा. थकला आता. दरवर्षी त्याचं एकच. ‘भाटकार, मांड आमचो. वाट दियात.’”

“तू काय करतोस?”

“मी त्यांना दुखवत नाही, बुवा. वडील तर माडीवरून खालीही उतरत नसत. मी स्वतः गडग्यापर्यंत जातो. एकेकाच्या हातावर विडा ठेवतो. त्यांचा मान आहे, तो मी राखतो.”

“आणि वाट?”

“तीन पिढ्यांची बाग आहे ती. ज्याला इतका काळ...”

वाक्य अर्ध्यावर राहिले. ते आपण कुणाच्या तोंडून ऐकले होते, हे त्याला जिभेवरच उमगले.

सहाणेचा आवाज थांबला होता.

“गेल्या शिगम्यात मी माधुकरीला पलीकडे आलो होतो,” बुवा म्हणाले. “गावडेवाडीनं भाकरी वाढली. त्यांच्याबरोबर मीही गडग्याशी आलो. तू आलास. हातात चांदीचं तबक होतं. माझ्याही हातावर विडा ठेवलास.”

“तुमच्या...? मी?”

“वर पाहिलं नाहीस.”

रघुवीर पायरीवर बसला. कुणी खांदे दाबून बसवावे तसा.

त्याने आठवून पाहिले. हात आठवत होते. चिरा पडलेले, माती भरलेले, एकामागून एक पुढे येणारे. एकाही हाताला चेहरा नव्हता. ज्या हाताने त्याला अक्षर शिकवले, तोही त्यातच होता, आणि त्याला तो ओळखू आला नव्हता.

“विड्याचं... काय केलंत?” त्याने विचारले. विचारून झाल्यावर, आपण भलतेच विचारले, असे त्याला वाटले.

“माझा तसाच राहिला. बुधोनं खाल्ला. म्हणाला, इतक्या अदबीनं दिलेलं टाकवत नाही.”

खाडीवरून हाक आली. “दादा, पाणी उतरतंय.”

रघुवीर उठला नाही. फिरंग्यांच्या कोठडीत त्याने मार खाल्ला होता. पाठीवर त्याचे वळ होते. त्या वळांवर त्याला आजवर गावोगाव मान मिळाला होता. आज अंगात सदरा असूनही ती पाठ उघडी पडल्यासारखी वाटली.

मग त्याच्यातला देसाई एकदा उसळला.

“म्हणजे माझा गडगा उभा आहे, म्हणून फिरंग्यानं खुशाल राहावं?”

“असं मी म्हटलं नाही. त्यानं गेलंच पाहिजे.”

“मग तो कशानं जाईल? तेवढंच विचारायला आलो होतो.”

“चुकीच्या घरी आलास, रघुवीर. मी गोसावी. वीतभर जमीन कधी दाबली नाही. दाबणाऱ्याची मूठ कशानं सुटते, हे मला कसं कळावं? ते तुला ठाऊक असणार.” बुवांचा स्वर चढला नव्हता. “बुधो कोयता घेऊन आला असता, तर वाट दिली असतीस?”

“...नाही.”

“काय केलं असतंस?”

“माडीवरची बंदूक काढली असती. वाडीतली दोन घरं जाळली असती, आणि मांड खणून टाकला असता.” तो खोटे बोलला नाही. या मठात त्याला ते कधी जमलेच नव्हते.

“तो नारळ घेऊन आला. दिलीस?”

“नाही.”

“मग बुधोनं काय करावं? तू सांगशील, तेच मी तुझ्या माणसांना सांगतो. अगदी आत्ता, होडीपर्यंत चालत येऊन सांगतो.”

   बुवा थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती. खालून पुन्हा एकदा हाक आली, मग तीही थांबली.

“मला... सांगता येत नाही, बुवा.”

बुवांनी मान हलवली आणि खोड पुन्हा सहाणेवर टेकवले.

बऱ्याच वेळाने रघुवीर उठला. निरोपाच्या वेळी बुवा कपाळाला गंध लावत, म्हणून सवयीने त्याने मान पुढे केली. मग स्वतःच मागे घेतली.

“माणसांना काय सांगू?”

“इथं जे झालं ते.”

“पोरं थुंकतील माझ्यावर.”

“थुंकतील.”

तो चार पावले उतरला. मागून बुवांचा आवाज आला.

“होडीतून उतरलास की घरी जाऊ नकोस. गावडेवाडीवरून सरळ मांडावर जा.”

रघुवीर वळला. 

“त्या बाजूनं वाट नाही, बुवा,” तो खाली पाहत म्हणाला. “तिथं गडगा आहे.”

“मग त्यालाच विचार, तो कशानं पडतो.”