हुक सोडू नका

एका नदीवर एकदा पूल बांधणे चालू होते. काठावर टेकडी आडवी आलेली, म्हणून रस्त्याला वळावे लागले आणि रस्त्यामागे पुलालाही. काम पाहणारे एक वृद्ध अभियंते होते. सारी हयात पुलांवर गेलेली. हाताशी त्यांचा शिष्य. हुशार, पण भारी उतावळा! सरळ पूल त्याने पुष्कळ पाहिले होते. वळणाचा हा पहिलाच.

पहिला गर्डर, म्हणजे पुलासारखीच वळलेली लांब पोलादी तुळई, क्रेनने उचलून दोन खांबांवर टेकवला. जमलेल्या गावकऱ्यांनी टाळ्या पिटल्या. शिष्याला कोण आनंद! गर्डरच्या दोन टोकांवर यासीन आणि भिवा हे अवजड सामान चढवणारे खलाशी बसले होते. त्यांना तो ओरडून म्हणाला, "चला, क्रेनचा हुक सोडा!"

"खबरदार! हुक सोडू नका," वृद्ध कडाडले. "गर्डर खाली घ्या."

खाली? सकाळपासून घाम गाळून वर नेलेला गर्डर खाली? शिष्याला काही म्हणता काही कळेना.

"अहो सर, बसलाय की तो नीट! सरळ पुलावर तुम्हीच लगेच सोडायला सांगता."

वृद्धांनी क्रेनवाल्याला खूण केली. गर्डर उतरला. शेजारी दुसरा ठेवून, दोहोंना आडव्या पोलादी पट्ट्यांनी जखडून त्यांनी जोडी करायला घेतली. जोडी जड, म्हणून आणखी एक क्रेन मागवली. म्हातारबुवांचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. खरे सांगायचे तर शिष्यालाही तीच शंका आली. शेवटी चहाच्या वेळी त्याने पुन्हा विचारलेच.

वृद्धांनी पाण्याची बादली पुढे ओढली. "हिची कडी बाहेरच्या बाजूला आडवी धर. आता सोड."

कडी खणकन खाली पडली.

"दोन्ही टोकं तर पक्की आहेत. मग का पडली?" वृद्धांनी विचारले.

शिष्याने कडी पुन्हा आडवी धरून सोडली. पुन्हा खणकन!

"अरे, तिचं पोट बाहेर आहे. टोकं एका रेषेत, वजन त्या रेषेबाहेर. सरळ गर्डर आपल्या टोकांवर तोलून राहतो. वळलेला एकटा असला की बाहेरच्या अंगाला कलंडतो. शेजाऱ्याशी बांधला, की दोघं एकमेकांना धरून ठेवतात. मघाशी तो उभा दिसला ना, तो हुकाच्या जोरावर."

"म्हणजे मी हुक सोडला असता, तर यासीन आणि भिवा..."

"हो," वृद्ध म्हणाले.

शिष्याने चहा तसाच खाली ठेवला. तो उठून थेट खलाशांकडे गेला आणि दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागला.

"काय झालं साहेब?" भिवाने विचारले.

"काही नाही. चहा घेतलात का दोघांनी?"

आपल्या घरातही कुणी आयुष्याच्या अवघड वळणावर असते, आणि आपल्याला घाई तर विचारूच नका! बरा दिसतोय म्हणून हात काढून घेण्याआधी, तो कुणाच्या हातामुळे उभा आहे, एवढे पाहावे.