वेणीतली धाकटी

झाडं आणि खुरपी माणसांसारखी भांडत, त्या काळातली ही गोष्ट. एका गॅलरीत मनी ट्रीचं झाड होतं. त्याची तीन खोडं वेणीसारखी गुंफून नर्सरीवाल्यानं सुतळीनं करकचून आवळली होती. ही खोडं म्हणजे तिघी बहिणी; मधे अडकलेल्या धाकटीचा जीव कोंडायचा, पानं पिवळी पडायची.

एके सकाळी झाडासाठी मोठी कुंडी आली. धाकटी हरखूनच गेली. "ताई, आज ही सुतळीही काढायची!"

"वेड लागलंय का तुला?" थोरली फणकारली. "पाहुणे वेणीचंच कौतुक करतात. सुतळी सुटली की तिघी तीन दिशांना कोसळू."

"आणि मी गुदमरून मेले तर?"

तेवढ्यात खुरपेदादांनी झाड अलगद उकरून बाहेर काढलं, मुळांची माती झटकली आणि ते ओरडलेच, "अगं बायांनो, खाली बघा तरी!"

तिघींची मुळं एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसली होती. तिथं कुणीही सुतळी बांधली नव्हती.

थोरली बघतच राहिली. मग तीच म्हणाली, "खुरपेदादा, कापा ती सुतळी!"

सुतळी तुटली. वेणी जराशी सैलावली, धाकटी खदखदून हसली, आणि पडलं कुणीच नाही.